गोव्याच्या खाऱ्या हवेत जुनं छोटं विमान कसं टिकवायचं

पन्नास-साठ वर्षांचं सेस्ना किंवा पायपर घ्यावं अशी इच्छा असलेला माणूस आधी किंमत विचारतो, मग सुटे भाग मिळतील का ते विचारतो. गोव्यात राहणाऱ्यानं त्याही आधी स्वतःला विचारायला हवं की हे विमान वर्षातला किती काळ नुसतं उभं राहणार आहे, आणि कुठे. नेमानं उडणाऱ्या विमानाच्या इंजिनात तेल फिरतं, तापतं, आतलं बाष्प उडून जातं. उभ्या विमानात यातलं काहीच होत नाही. गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो आणि सप्टेंबरपर्यंत साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो. त्या काळात ढग इतके खाली असतात की फक्त डोळ्यांच्या भरवशावर उडणाऱ्या हौशी वैमानिकाला आठवडेच्या आठवडे जमिनीवर काढावे लागतात. म्हणून या लेखात उडवण्यापेक्षा उभ्या विमानाबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी जागा, मग विमान

दाबोळी हा नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. तिथली नागरी वाहतूक नौदलाच्या वेळा सांभाळून चालते, आणि खाजगी छोट्या विमानाला कायमचा आडोसा तिथे मिळेल असं गृहीत धरून व्यवहार करू नका. पेडण्याच्या सड्यावरचा मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे, पण तो मोठ्या प्रवासी विमानांसाठी बांधलेला. पार्किंगचे दर आणि अटी लेखी घेतल्याशिवाय तिथलं गणित मांडू नका. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात चिपी आहे, पण तोही समुद्राकाठचाच सडा. खारा वारा तिथेही तेवढाच.

माझं स्पष्ट मत: हँगर, म्हणजे विमान ठेवायची बंदिस्त शेड, मिळत असेल तर विमान घाटावर ठेवा. बेळगावचं सांबरा विमानतळ चोर्ला घाटानं गाठता येतं, आणि तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्थांमुळे छोट्या विमानांवर काम करणारी माणसं भेटण्याची शक्यता जास्त. कोल्हापूर हा दुसरा पर्याय. घरापासून लांब पडतं, बेळगावलासुद्धा दर खेपेला गाडीत दोन-तीन तास जातात आणि कोल्हापूरला त्याहून जास्त, हे खरं आहे. तरीही समुद्राच्या मिठापासून विमान जितकं लांब तितकी त्याच्या ॲल्युमिनियमची वर्षं वाढतात, आणि तो फायदा कुठल्याही फवाऱ्यानं भरून निघत नाही.

घाटावर एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी ३५ अंश तापमान असेल तर ते त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा २५ अंशांनी जास्त. गरम हवा विरळ असते, आणि अंशाला १२० फूट या ठोकताळ्यानं विमानाच्या दृष्टीनं तिथली उंची साडेपाच हजार फूट होते. १०० अश्वशक्तीच्या सेस्ना १५० मध्ये दोन माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन अशा वेळी निघू नये. सकाळी आठच्या आत निघावं.

जागा पाहायला जाल तेव्हा पावसात जा. छप्पर गळतं का, जमिनीतून ओल वर येते का, दार नैर्ऋत्येला उघडतं का, वारा आरपार खेळतो का, हे उन्हाळ्यात कळत नाही. उघड्यावर बांधून ठेवायची वेळ आलीच तर पंखांच्या दोन आणि शेपटीच्या एका कडीला नायलॉनचा दोर घ्या. सुंभ किंवा तागाचा दोर नको. असे दोर भिजले की आखडतात आणि पंखाच्या कडीवर ताण देतात. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा माड उन्मळून पडले होते. हजार-बाराशे किलोच्या आतलं विमान अशा वाऱ्यात दोरानं राहील या भरवशावर राहू नये.

कोणतं विमान

गोव्याच्या माणसाला मी ॲल्युमिनियमचं, भरपूर संख्येनं बनलेलं विमान सुचवेन: सेस्ना १५० किंवा १५२, सेस्ना १७२, पायपर चेरोकी. सुटे भाग अजून बनतात, नियमावली मिळते, आणि यांच्यावर हात बसलेले एएमई, म्हणजे विमानदुरुस्तीचा परवाना असलेले इंजिनिअर, देशात आहेत. आपल्याकडे परवान्यावर विमानाच्या प्रकाराची नोंद लागते. दुर्मीळ प्रकार घेतला तर ती नोंद देऊ शकेल असा प्रशिक्षक आणि परीक्षक शोधण्यातच वर्ष जाईल.

हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं (एचएएल) पुष्पक अनेकांच्या मनात असतं, आणि ते स्वाभाविक आहे. १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या दोन आसनी विमानावर देशातल्या फ्लाइंग क्लबांतल्या कितीतरी वैमानिकांचे हात तयार झाले. त्याचं ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल सी९० इंजिन पुढच्या, सेस्ना १५० मधल्या ओ-२०० इंजिनाचं जवळचं नातेवाईक असल्यानं इंजिनाची बाजू निभावून नेता येते. पण लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर कापड, ही रचना आपल्या हवेत फार जपावी लागते. पाणी खालच्या नळ्यांपाशी साचतं आणि गंज कापडाआड वाढतो. कापडावर काम केलेला माणूस आणि कोरडा हँगर, दोन्ही हाताशी असतील तरच पुष्पकाच्या वाटेला जा. टायगर मॉथसारख्या लाकडी स्पारच्या (स्पार म्हणजे पंखातली मुख्य तुळई) विमानाबद्दल तर मी नाहीच म्हणेन. जुन्या लाकडी विमानांत दुधातल्या केसीनपासून केलेला डिंक वापरत, आणि तो ओलीत बुरशीनं सुटतो.

लॉगबुक वाचायला एक अख्खा दिवस ठेवा

एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन, प्रोपेलर अशी तीन लॉगबुकं, म्हणजे नोंदवह्या, मागा आणि पहिल्या पानापासून वाचा. मधलं एखादं लॉगबुक 'हरवलं' असेल तर किंमत पाडून घेण्यापेक्षा व्यवहार सोडलेला बरा. प्रोपेलर कधी जमिनीला लागला होता का, आणि त्यानंतर इंजिन उघडून पाहिलं होतं का, ते तपासा. प्रत्येक एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हसमोर (सुरक्षिततेसाठी सक्तीनं करायच्या कामाचा आदेश) तारीख, तास आणि सही आहे का ते पाहा. सेस्नाच्या सीट रेलचं उदाहरण घ्या. रेलची भोकं झिजली की उड्डाणाच्या ऐन वेळी खुर्ची मागे सरकते, आणि वैमानिक आधारासाठी स्टिअरिंग पकडून नाक वर ओढतो. हे इतक्या वेळा घडलं की रेलची तपासणी सक्तीची झाली. जुन्या पायपर कबच्या पंखांचे टेकू आतून गंजतात, म्हणून त्यांच्यावरही तशीच सक्ती आहे.

मग इंजिन. विकणारा सांगेल, 'ओव्हरहॉलनंतर (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त केल्यानंतर) फक्त ४०० तास झालेत.' तुम्ही विचारा, किती वर्षांत? लायकॉमिंगच्या ओ-३२० इंजिनाच्या बहुतेक प्रकारांना कंपनीनं २,००० तास किंवा १२ वर्षं, यांत जे आधी येईल ते, अशी मर्यादा सुचवली आहे. वीस वर्षांत ४०० तास उडालेल्या इंजिनापेक्षा पाच वर्षांत हजार तास उडालेलं इंजिन मी डोळे मिटून पसंत करेन. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वर बसतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून खाली जातं, उघड्या पोलादावर गंजाचे बारीक ठिपके पडतात, आणि पुन्हा इंजिन सुरू केल्यावर टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) त्या ठिपक्यांवर घासून पृष्ठभाग सोलून काढतात. काँटिनेंटलच्या छोट्या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली असतो, त्यामुळे हा धोका तिथे कमी.

खर्चाचं गणितही इथेच बदलतं. समजा, ओव्हरहॉलला ३० लाख लागणार आहेत. २,००० तासांनी भागलं तर तासाला १,५०० रुपये बाजूला टाकायचे, असं कागदावर दिसतं. पण हौशी माणूस वर्षाला पन्नास तास उडतो. बारा वर्षांत ६०० तास होतात, आणि मग हाच आकडा तासाला ५,००० होतो. हा आकडा पचत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून विमान घ्या. भागीदारीत पैसा वाटला जातोच, शिवाय विमान जास्त उडतं, आणि इंजिनाला तेच हवं असतं.

पाहणी: टॉर्च, आरसा आणि जुने कपडे

स्वतःचा एएमई घेऊन जा, विकणाऱ्याचा नको. छोट्या पिस्टन विमानांसाठी त्याच्याकडे बी१.२ वर्गाचा परवाना हवा. तो कॉम्प्रेशन पाहील: सिलिंडरला ८० पीएसआय हवा देऊन किती टिकते ते. बोअरस्कोपनं (आत घालून पाहायच्या बारीक कॅमेऱ्यानं) व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या भिंती पाहील. लायकॉमिंग असेल तर एखादा सिलिंडर उतरवून कॅम डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह धरा. विकणारा नाही म्हणाला तर तेही एक उत्तरच आहे.

तोवर तुम्ही विमानाखाली झोपा. ॲल्युमिनियमवर तांबडा गंज येत नाही, पांढरी पूड येते. रिव्हेटांच्या डोक्याभोवती आणि पत्र्यांच्या जोडावर ती पाहा. रंगाखाली गांडूळ फिरून गेल्यासारखी नागमोडी रेघ उठली असेल तर तिथे कोरोजन, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज, रंगाच्या आड पसरलेलं आहे. त्याहून वाईट म्हणजे धातूचे पापुद्रे सुटून पत्रा फुगणं. ते स्पारवर दिसलं तर विमान तिथेच सोडा. बॅटरीच्या पेटीखालचा पत्रा, गालिचा उचलून पायाखालची जमीन, शेपटीच्या पोकळीतला सर्वांत खालचा भाग, एलेरॉन आणि फ्लॅप या पंखाच्या मागच्या हलत्या भागांची बिजागरं, ॲल्युमिनियममध्ये बसवलेले लोखंडी स्क्रू, या जागा सोडू नका. उंदरांनी घर केलं असेल तर वासावरून कळतं. त्यांच्या मुतानं पत्रा अक्षरशः खाल्ला जातो.

कंट्रोल केबलींवरून मऊ सुती कापड हलक्या हातानं फिरवा. एखादी तार तुटलेली असेल तर कापडाचा धागा तिच्यात अडकतो, आणि ती केबल बदलायची. पुलीपाशी विशेष पाहा, तार तिथेच तुटते. उघड्या बोटांनी हे करू नका.

कागदपत्रं

१९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे, पण तुमचा रोजचा संबंध डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांशीच येईल. व्हीटी या भारताच्या अक्षरांची नोंदणी तुमच्या नावावर व्हायला हवी. एअरवर्दिनेस सर्टिफिकेट आणि दरवर्षीचा रिव्ह्यू, रेडिओचा परवाना, विमा, मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅम आणि ताजं वजनपत्र हवं. वजनपत्राकडे लोक दुर्लक्ष करतात. साठ वर्षांत रंगाचे थर चढलेले असतात, रेडिओ बदललेले असतात. पुन्हा वजन केलं की रिकामं विमान बहुधा कागदापेक्षा जड निघतं. परदेशातून जुनं विमान आणायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी वयाच्या अटींबद्दल डीजीसीएकडून लेखी उत्तर घ्या.

मालकानं स्वतःच्या हातानं काय करावं आणि कशावर एएमईची सही लागते, याची यादी पहिल्याच दिवशी त्याच्यासोबत बसून करा. सुटा भाग रिलीज सर्टिफिकेटशिवाय (तो विमानात वापरण्याजोगा असल्याच्या दाखल्याशिवाय) बसवू द्यायचा नाही, मग तो अगदी नवाकोरा दिसत असला तरी.

उडण्याच्या दिवसांतली निगा

ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून निदान एकदा तासभर सलग उडा, आणि तेलाचं तापमान १६५ ते २०० अंश फॅरनहाइटपर्यंत नेऊन तिथे टिकवा. आतलं पाणी तेव्हाच वाफ होऊन ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) बाहेर पडतं. आठवड्यातून एकदा हँगरसमोर पाच-दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करण्याची सवय अनेकांना असते. ती सोडा. त्यानं जळण्यातून तयार झालेलं पाणी तेलात जातं आणि तिथेच राहतं, म्हणजे न चालवण्यापेक्षा वाईट. तेल, फिल्टर असेल तर ५० तासांनी, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी बदला, आणि तास भरले नाहीत तरी चार महिन्यांनी बदलाच. दर वेळी थोडं तेल प्रयोगशाळेत पाठवा. लोखंडाचं प्रमाण दर वेळी चढत गेलं तर त्याचा अर्थ कॅम किंवा सिलिंडर बोलू लागले आहेत.

इंधनाबाबत तडजोड नको. एव्हगॅस १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल आता इंडियन ऑइल वडोदऱ्याजवळच्या गुजरात रिफायनरीत बनवतं. २०२२ पर्यंत ते बाहेरून आणावं लागे. पिंपं आगाऊ मागवा, सावलीत ठेवा, उघडल्याची तारीख वर लिहा. पंपावरचं पेट्रोल घालायचा मोह होईल, कारण ८० ऑक्टेनसाठी बनलेल्या जुन्या इंजिनांवर परदेशात मोटारीचं पेट्रोल चालवतात. पण ती परवानगी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलची आहे. आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते जुने रबरी होज आणि सील खातं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. हे इंधन जुन्या विमानात घालू नये.

प्रत्येक उड्डाणाआधी टाकीच्या तळातून नमुना काढा आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. १०० एलएल फिकट निळं असतं, पाणी खाली थेंबासारखं बसतं. अख्खा नमुनाच बिनरंगाचा आणि एकसंध दिसला तर 'स्वच्छ आहे' म्हणून पुढे जाऊ नका, ते सगळं पाणीच असू शकतं. वास घ्या, निळेपणा शोधा. उडून आल्यावर टाक्या भरून ठेवा, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही.

वेग मोजणाऱ्या पिटो नळीवर झाकण घातल्याशिवाय विमान सोडून चहालासुद्धा जाऊ नका. आपल्याकडची कुंभारीण माशी तेवढ्या वेळात नळीच्या तोंडाशी माती आणून लावू लागते. नळी बंद झाली की वेगाचा काटा खोटं सांगतो, आणि ते कळतं धावपट्टीवर अर्धं अंतर कापल्यावर. हीच माशी कापडी पंखांच्या खालची पाणी निघायची भोकंही बुजवते. काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आत साळुंक्यांची घरटी पाहा, एका दुपारीत इंजिनामागे काटक्यांचा ढीग होतो.

किनाऱ्यालगत उडून आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं विमान धुवा. नळाची साधी धार पुरे. प्रेशर वॉशरनं पाणी बेअरिंगांत आणि बिजागरांत घुसतं. काच ॲक्रिलिकची असते, तिला आधी भरपूर पाणी, मग हाताने किंवा मऊ सुती कापडानं. अमोनियाचा क्लीनर लावलात तर ती बारीक तडकते. ब्रेकमध्ये एअरक्राफ्टचंच लाल मिनरल ऑइल घाला. मोटारीचं ब्रेक फ्लुइड घातलं तर सील फुगून ब्रेक जातात.

आपल्या दमट हवेत २५-३० अंशांतसुद्धा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, विशेषतः थ्रॉटल कमी करून खाली येताना. काँटिनेंटलच्या छोट्या इंजिनांना हा त्रास जास्त. उतरताना थ्रॉटल ओढण्याआधी कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा, लावा.

पावसाळा

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात काम सुरू करा. पहिली सर पडल्यावर सुरू केलं तर ओल आत कोंडून ठेवाल.

आधी विमान धुऊन दोन दिवस उन्हात, सगळे इन्स्पेक्शन पॅनेल उघडे ठेवून वाळवा. मग ॲल्युमिनियमच्या विमानात पंख, शेपटी आणि केबिनच्या तळाखालच्या पोकळ्यांत एसीएफ-५० सारखं गंजरोधक धुक्यासारखं फवारा. ते पत्र्यांच्या जोडांत शिरतं आणि पुढचे काही आठवडे रिव्हेटांतून पाझरत राहतं, म्हणून खाली पुठ्ठे टाका. ब्रेकच्या तबकड्या झाकून घ्या. कापडी विमानात हे फवारू नका, कापडावरचा डोप, म्हणजे ते ताणून ठेवणारा लेप, बिघडतो.

इंजिनाचं काम एएमईसोबतच करायचं. जुनं तेल काढून प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे गंज रोखणारं, तेल भरायचं, आणि शेवटचं उड्डाण त्यावर करायचं, म्हणजे ते सगळीकडे पोचतं. परत आल्यावर इंजिन कोमट असतानाच वरचे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये, पिस्टन खाली असताना, साधारण ६० मिलिलिटर प्रिझर्व्हेटिव्ह तेल फवारायचं. सगळे झाले की प्रोपेलर न हलवता पुन्हा एकदा फवारा मारायचा. त्यानंतर प्रोपेलरला कुणी हात लावायचा नाही. फिरवला की सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर पुसला जातो, आणि मॅग्नेटोची (ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र) पी-लीड, म्हणजे ते बंद करणाऱ्या स्विचची तार, तुटलेली असेल तर इंजिन पेटून माणूस जाऊ शकतो. प्रोपेलरवर तसा फलक बांधा, मराठीत आणि कोंकणीतही, म्हणजे हँगरमध्ये झाडू मारायला येणाऱ्यालाही कळेल.

स्पार्क प्लगांच्या जागी डिहायड्रेटर, म्हणजे ओल शोषणारे, प्लग लावायचे. त्यांतले सिलिकाचे दाणे कोरडे असताना निळे असतात, ओल घेतली की गुलाबी होतात. एक्झॉस्ट, हवा घेण्याचं तोंड आणि ब्रीदर यांत सिलिकाच्या पिशव्या ठेवून ती बंद करा. प्रत्येक बुचाला लाल फीत लावा आणि एकूण किती बुचं आहेत ते लॉगबुकात लिहा. जुलैच्या मध्यावर गोव्यात हे दाणे पंधरवड्यातसुद्धा गुलाबी झालेले दिसतात. दर आठवड्याला पाहणारा माणूस हवा, आणि बदलीचे प्लग भट्टीत वाळवून तयार हवेत. हे जमणार नसेल तर प्रिझर्व्ह केल्याचं समाधान तेवढं मिळतं, काम होत नाही.

बॅटरी काढून घरी न्या. टायर जॅकवर उचला, किंवा प्रोपेलरला हात न लावता विमान पंधरा दिवसांनी थोडं सरकवा. टाक्या भरलेल्या ठेवा. केबिनला प्लॅस्टिकचं जाड आवरण घालू नका, आत बुरशी धरते. हँगरमध्ये डिह्युमिडिफायर लावता आला तर त्याचं वीजबिल आनंदानं भरा.

ऑक्टोबर

बुचं काढताना मे महिन्यातली संख्या जुळवा. मग मॅग्नेटोचे स्विच बंद असल्याची खात्री करून, सगळे प्लग काढून एएमईसोबत प्रोपेलर हातानं सावकाश फिरवा. सिलिंडरांत साचलेलं तेल बाहेर येईल. हे न करता स्टार्टर मारलात तर त्या तेलावर पिस्टन आदळून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्रिझर्व्हेटिव्ह तेल काढा, ताजं भरा. पिटो-स्टॅटिक (वेग आणि उंची दाखवणारी यंत्रणा) तपासून घ्या, इंधनाचे नमुने सगळ्या ड्रेनमधून घ्या, केबलींवरून पुन्हा कापड फिरवा, टॉर्च घेऊन शेपटीच्या पोकळीत पाहा.

पहिलं उड्डाण एकट्यानं, विमानतळाच्या वरच, गोल घेत करा. अर्ध्या तासानं उतरा, काउलिंग उघडा, गळती पाहा. मग तासभराचं उड्डाण, तेल नीट तापेपर्यंत. पहिल्या दहा तासांनंतर तेल बदला आणि जुना फिल्टर कापून त्याची घडी पांढऱ्या कागदावर उलगडा. चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे बारीक चकचकीत कण दिसले तर ते कॅम किंवा टॅपेटचे असण्याची दाट शक्यता आहे. पुढचं उड्डाण रद्द करा, फिल्टर तसाच पिशवीत घालून एएमईला दाखवा, आणि तो कॅम पाहून सही करेपर्यंत विमान हँगरातून बाहेर काढू नका.